गावच्या छोट्या स्टेशनचा इतिहास आणि एक्स्प्रेसचा थांबा : माहिती कुठून काढायची, अर्ज कसा करायचा?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुर्डुवाडी–सोलापूर पट्ट्यातल्या एका लहान स्टेशनाबद्दल विचारायचं आहे. अर्ज अजून गेलेला नाही, म्हणून गावाचं नाव तूर्त देत नाही.

ग्रामपंचायत स्टेशनजवळ माहितीचा फलक लावणार आहे. त्यावर "स्थापना 1860" असं लिहावं असा बऱ्याच जणांचा आग्रह आहे, कारण सोलापूरला गाडी त्या साली आली. हे धरून चालेल का? नसेल तर खरं साल कशावरून ठरवायचं?

दुसरं म्हणजे, स्टेशनवर पूर्वी मास्तर, पॉइंट्समन (रुळांचे सांधे फिरवणारे) अशी बरीच माणसं असायची. दुहेरीकरण झालं, विजेच्या तारा आल्या, गाड्या वाढल्या, आणि आमच्या स्टेशनवरची वर्दळ मात्र कमी झाली. हे उलटं कसं? एका एक्स्प्रेसच्या थांब्याची मागणीही करायची आहे. नुसत्या निवेदनाला उत्तर येत नाही असं ऐकलंय. जाणकारांनी नीट सांगावं.

---

जुना_लोखंडी

1860 लगेच कोरू नका. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन तुकड्यातुकड्याने उघडली. पुण्याहून दिकसाळपर्यंत 1858, तिथून बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी 1859, पुढे मोहोळपर्यंत जानेवारी 1860 आणि मोहोळ ते सोलापूर जून 1860. सोलापूरच्या पुढे रायचूरला पोचून मद्रास रेल्वेशी गाठ पडायला 1871 उजाडलं. त्यामुळे स्टेशन कुर्डुवाडीच्या अलीकडचं की पलीकडचं, यावरच साल हलतं.

त्याहून मोठी गोम अशी की, लाइन उघडल्याचं साल म्हणजे स्टेशनचं साल नव्हे. मधली कितीतरी स्टेशनं नंतर घातलेली आहेत. गाड्या वाढल्या की दोन स्टेशनांमधलं अंतर जास्त वाटायला लागायचं. एक गाडी पुढच्या स्टेशनला पोचेपर्यंत समोरची खोळंबायची, मग मध्ये आणखी एक क्रॉसिंग स्टेशन काढायचे.

आधी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरचा खंड बघा. तो विसावा खंड, 1884 चा. व्यापाराच्या प्रकरणात लोहमार्ग आणि जिल्ह्यातली स्टेशनं येतात. तुमचं नाव तिथे सापडलं तर स्टेशन 1884 च्या आधीचं, एवढं पक्कं. नाही सापडलं तर 1884 नंतरच्या वेळापत्रकांकडे वळा. न्यूमनचं इंडियन ब्रॅडशॉ हे जुनं वेळापत्रक डिजिटल ग्रंथालयांत सुटंसुटं मिळतं. ज्या अंकात नाव नाही आणि त्यापुढच्या ज्या अंकात आहे, त्या दोघांच्या मधे तुमचं साल. शोधताना स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाका. इंग्रजांनी एकाच गावाची नावं वेगवेगळी लिहून ठेवलीत.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंची (मैलाला एक इंच) नकाशेही उपयोगी पडतात. मोहोळ भाग 47 ओ/9 या शीटवर येतो, सोलापूर शहर 47 ओ/14 वर. नकाशाच्या तळाशी पाहणीचं साल असतं, छपाईचं वेगळं असतं. पाहणीचं धरा.

जागेवरच्या पुराव्याबद्दल सावध राहा. कुंपणाला किंवा दिव्याच्या खांबाला जुने रूळ उभे केलेले असतात. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा पाय यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर, उठावाची अक्षरं असतात. अलीकडच्या रुळावर "आयआरएस-52, 710, टिस्को, II 1991" अशा धाटणीचा मजकूर दिसेल. त्यातला 52 म्हणजे मीटरला 52 किलो वजन आणि रोमन आकडा महिन्याचा. जुन्या रुळावर 90 आर असेल तर ते यार्डाला 90 पौंड. गंज चढलेला असला तर खडू आडवा घासा, किंवा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. पण हे साल रूळ तयार झाल्याचं. मेन लाइनवरून काढलेला रूळ लूपला (गाडी बाजूला घेण्याच्या लाइनला), तिथून सायडिंगला आणि शेवटी कुंपणाला जातो. त्यामुळे रुळावर 1910 आहे म्हणून स्टेशन 1910 चं ठरत नाही.

वाचायचं ते कुंपणाच्या बाजूनेच वाचा. रुळावर उतरलं तर रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. फोटोआधी स्टेशन मास्तरांना विचारलेलं बरं.

आणखी एक, सोलापूरकरांच्याही लक्षात नसलेली गोष्ट. सोलापूर विभाग कायम मध्य रेल्वेत नव्हता. 1951 ला मध्य रेल्वे झाली तेव्हा होता, 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा तिकडे गेला आणि 1977 ला परत आला. त्या अकरा वर्षांत स्टेशनचा दर्जा बदलला असेल किंवा इमारत झाली असेल तर मुंबईच्या मुख्यालयात कागद मिळेलच असं नाही. तो पत्रव्यवहार सिकंदराबादशी झालेला असणार.

---

तिलाटी_फाटक

लोखंडी अण्णांशी सहमत, एकच भर घालतो. भिगवण–जेऊर भागातल्या कुणी हा धागा वाचून आपल्या स्टेशनला 1859 लावू नये. उजनीच्या फुगवट्यात जुनी लाइन गेली. दिकसाळ, पोमलवाडी ही जुनी नावं पाण्याबरोबर गेली आणि रूळ नव्या वाटेने टाकले. दिकसाळचा जुना रेल्वे पूल पुढे मोटारींसाठी वापरात आला. तिथली आजची स्टेशनं धरणाच्या काळातली.

---

केबिन_क्र_2

"गाड्या वाढल्या आणि स्टेशन ओस पडलं" हे उलटं वाटतं, पण रेल्वेच्या बाजूने पाहिलं तर सरळ आहे. मधली बहुतेक लहान स्टेशनं गाड्या चालवण्यासाठी बांधली होती. गावाला गाडी मिळाली ती त्या ओघात.

एकेरी लाइनवर दोन स्टेशनांमधल्या ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. मास्तर पुढच्या मास्तराकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेणार, ब्लॉकच्या यंत्रातून टोकनचा गोळा काढणार, तो वेताच्या रिंगमधल्या पिशवीत घालून पॉइंट्समन ड्रायव्हरला देणार. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. समोरून गाडी यायची असली की एकीला लूपवर घेऊन थांबवायची. वाफेच्या काळात त्यात पाणी भरणंही आलं. म्हणजे गाडी थांबायचीच, आणि थांबलीच आहे तर गावची माणसं चढायची. गावासाठी वेगळा वेळ काढलेला नव्हता.

आता दुहेरी लाइन झाली. दौंड–सोलापूरमधले भिगवण ते भाळवणी भागातले शेवटचे तुकडे 2020 नंतरच जोडले गेले. समोरची गाडी दुसऱ्या रुळावरून जाते, क्रॉसिंग उरलं नाही. मास्तर पॅनलवर बटण दाबून पॉइंट फिरवतो, केबिनमध्ये लिव्हर ओढायला माणूस लागत नाही. गाडीला थांबायचं कारणच संपलं. आता ती थांबायची तर फक्त प्रवाशांसाठी, आणि तो खर्च प्रवाशांच्या तिकिटातून निघाला पाहिजे असा हिशोब होतो. हे डोक्यात ठेवून अर्ज लिहा. "पूर्वी गाडी थांबत होती" हा मुद्दा भावनेला धरून आहे, पण ऑपरेटिंग विभागाच्या लेखी त्याला वजन नाही.

अर्जाआधी तीन गोष्टी जागेवर बघून या. प्लॅटफॉर्मवरून दिसतात.

आधी, तुमचं स्टेशन ब्लॉक स्टेशन आहे की नुसता हॉल्ट. होम (आत येण्याचा) आणि स्टार्टर (निघण्याचा) सिग्नल असतील, मास्तर पॅनलवर बसत असेल तर ब्लॉक स्टेशन. तिकीट देणारा एजंट आणि नावाची पाटी एवढंच असेल तर डी क्लास, म्हणजे दोन ब्लॉक स्टेशनांमधला थांबा. हॉल्टला एक्स्प्रेस मिळणं फार अवघड.

मग प्लॅटफॉर्म कुठल्या रुळाला लागून आहे ते. लोकांच्या लक्षात न येणारी बाब हीच. मेन लाइनला लागून असेल तर गाडी सरळ येते, थांबते, निघते. फक्त लूपला असेल तर तिला सांध्यावरून वळून आत यावं लागतं. 1 इन 12 च्या (सौम्य वळणाच्या) सांध्यावर ताशी साधारण 30 किलोमीटरचा वेग, 1 इन 8.5 (जास्त वळणाचा) असेल तर 15 चा. शंभर-एकशेतीसच्या वेगाची गाडी सांध्याच्या बरीच आधी मंद करायची, शेवटचा डबा सांध्यावरून बाहेर पडेपर्यंत रखडायची आणि मग परत वेग घ्यायचा. वेळापत्रकात थांबा दोन मिनिटांचा दिसतो, पण गाडीचा वेळ त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. मागची गाडी जवळ असेल तर तीही अडकते. फक्त लूपला प्लॅटफॉर्म असलेल्या स्टेशनाला म्हणूनच पटकन नाही म्हणतात. अशा वेळी थांब्याआधी मेन लाइनच्या प्लॅटफॉर्मची मागणी करा.

शेवटी लांबी आणि उंची. एलएचबी (नव्या धाटणीचा) डबा सुमारे 24 मीटर. 22 डबे म्हटलं तर 528 मीटर, वर इंजिन. तुमचा प्लॅटफॉर्म 300 मीटरचा असेल तर जवळपास निम्मी गाडी बाहेर राहते आणि म्हाताऱ्या माणसांना खडीवर उतरावं लागतं. उंच प्लॅटफॉर्म रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, कमी उंचीचा फार तर 455. रुळाच्या पातळीचा असेल तर दोन मिनिटांत पन्नास माणसं चढत नाहीत, साखळी ओढली जाते आणि तो उशीर तुमच्या थांब्याच्या नावावर चढतो. लांबी मोजायला फूटपट्टी लागत नाही. टोकापासून टोकापर्यंत चालत पावलं मोजा आणि एका पावलाच्या मापाने गुणा.

---

सीनाकाठ

केबिन दादा, प्लॅटफॉर्म एका बाजूचा मेनला आहे, दुसऱ्या बाजूचा लूपला. उंची कमी वाटते. मोजून घेतो.

अडचण तिकिटांची आहे. खिडकी काही वेळच उघडी असते. बरेच जण विनातिकीट चढतात, किंवा सोलापूरला उतरल्यावर परतीचं तिकीट तिथून काढतात. याचा थांब्याशी संबंध येतो का?

---

यूटीएस_बाळे

येतो म्हणजे काय, सगळा तिथेच येतो की. नवा थांबा बहुधा प्रायोगिक म्हणून देतात, सहसा सहा महिन्यांसाठी. मुदत संपत आली की त्या स्टेशनवरून आणि त्या स्टेशनपर्यंत किती तिकिटं निघाली ते काढतात. गाडीत शंभर माणसं चढताना मास्तराने डोळ्यांनी पाहिली तरी कागदावर तीस असतील तर तीसच.

खिडकी बंद असेल तर मोबाइलवरून काढा. पूर्वी यूटीएस ॲप होतं, आता रेल्वेचं रेलवन. पेपरलेस तिकीट रुळाच्या अगदी जवळ उभं राहून निघत नाही, कारण गाडीत बसल्यावर तपासनीस दिसला की काढायचं, हा प्रकार त्यांना रोखायचा आहे. म्हणून घरून निघताना काढा. लांबून काढायला अंतराची जी मर्यादा होती ती 2024 मध्ये उठली आहे. स्टेशनात पोचल्यावर आठवलं तर तिथे लावलेला क्यूआर स्कॅन करून निघतं, पण छोट्या स्टेशनांवर तो क्यूआर बऱ्याचदा उन्हाने पांढरा पडलेला असतो. तसं असेल तर रेलमदतवर (रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार टाका, नवीन चिकटवून देतात.

200 किलोमीटरच्या आतलं साधं तिकीट काढलं की तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढून संध्याकाळी चढलात तर ते तिकीट चालत नाही. काढलेलं तिकीट नेट नसतानाही ॲपमध्ये उघडतं, पण स्क्रीनशॉट चालत नाही. मोबाइलची बॅटरी गेली तर तुम्ही विनातिकीट, आणि मग भाडं अधिक किमान 250 रुपये.

एक चूक गावोगाव होते. गाडी पुण्याहून येत असते, माणूस उतरणार तुमच्या गावी, पण तिकीट काढतो सोलापूरपर्यंत, कारण "दहा-वीस रुपयांचा तर फरक". ते तिकीट सोलापूरच्या खात्यात जातं. आरक्षणाचंही तसंच. गाडी तुमच्याकडे थांबत असेल तर तुमच्याच स्टेशनच्या कोडवरून आरक्षण करा. रोजच्या लोकांना मासिक पास काढायला सांगा. पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो आणि जुना संपायच्या दहा दिवस आधी नवा घेता येतो.

साध्या पॅसेंजरचं किमान भाडं करोनानंतर 30 रुपये होतं, ते फेब्रुवारी 2024 पासून परत 10 झालं. अजून बरेच जण तीसच धरून एसटीने जातात. हे गावात दवंडी देऊन सांगा!

खिडकीही बंद आणि साधा मोबाइल असलेला माणूस असेल तर त्याने गाडीत चढायच्या आधी गार्डला गाठून सांगायचं. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. आधी सांगितलं तर साधं भाडं घेऊन निभतं, नंतर सापडला तर दंड.

---

जेऊर_अप

अर्जाचं मी सांगतो. निवेदनाला उत्तर येत नाही, कारण निवेदनात आकडे नसतात. आधी माहितीच्या अधिकारात आकडे मागवा, मग अर्ज.

सोलापूर विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करायचा. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन पोर्टलवर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. "थांबा का देत नाही" असं विचारू नका. कारण विचारलं की "माहिती या व्याख्येत बसत नाही" म्हणून परत येतं. नोंद मागायची. मागच्या तीन आर्थिक वर्षांत स्टेशनवरून निघालेल्या प्रवाशांची महिनावार संख्या आणि उत्पन्न; स्टेशनची सध्याची वर्गवारी; प्लॅटफॉर्मची लांबी आणि उंची; स्टेशन वाहतुकीला खुलं झाल्याची नोंद असल्यास तिची प्रत; याआधी आलेले थांब्याचे प्रस्ताव आणि त्यावरचा अभिप्राय. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जुन्या प्रस्तावाला नकार कुठल्या मुद्द्यावर दिला ते कळलं की नवा अर्ज तिथूनच सुरू करता येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही.

वर्गवारीचं थोडक्यात. 2017 पासून हॉल्टचे तीन गट आहेत. वर्षाला 3 लाखांपेक्षा जास्त प्रवासी निघत असतील तर एचजी-1, 1 ते 3 लाख एचजी-2, त्याखाली एचजी-3. ब्लॉक स्टेशन असाल तर बहुधा एनएसजी-6, म्हणजे बिगर-उपनगरी स्टेशनांचा सहावा गट. पाण्याचे नळ, बाक, शेड, दिवे, स्वच्छतागृह किती द्यायचं हे या गटावर ठरतं. त्यामुळे सोयींच्या तक्रारी थांब्याच्या अर्जात मिसळू नका. त्या वेगळ्या कागदावर, वेगळ्या विभागाकडे जातात. एकत्र दिल्या की अर्ज टेबलाटेबलांवर फिरत बसतो.

थांब्याचा अर्ज एका गाडीचाच करा. पाच गाड्यांची यादी दिली की पाचही राहतात. गाडी निवडताना तुमच्या प्लॅटफॉर्मला बसणारी, आणि शेजारच्या मोठ्या स्टेशनावर आधीच थांबून हळू झालेली नसलेली, असं दोन्ही बघा. मोहोळ किंवा माढ्याला थांबलेली गाडी दहा किलोमीटरवर परत थांबवायला कुणी राजी होत नाही. अर्जावर आजूबाजूच्या गावांचे ठराव जोडा, कॉलेजला जाणारी मुलं, दवाखान्याला जाणारी माणसं, बाजारचे वार लिहा. अर्ज विभागीय व्यवस्थापकांना, प्रत खासदारांना आणि विभागीय रेल्वे सल्लागार समितीच्या सदस्याला. व्यवस्थापकांचं कार्यालय सोलापुरातच आहे, त्यामुळे आवक क्रमांक हातोहात घ्या. थांब्याचा शेवटचा निर्णय रेल्वे बोर्डाकडून येतो. विभाग फक्त शिफारस करतो, म्हणून विभागात भांडून उपयोग नाही.

---

जुना_लोखंडी

फलकाचं राहिलं. माहिती अधिकारात खुलं झाल्याची नोंद मिळाली तर ते साल घाला. नाही मिळाली तर "या मार्गावर रेल्वे 1860 पासून" एवढंच लिहा, म्हणजे खोटं ठरत नाही. कुर्डुवाडीपर्यंत 1859, पुढे 1860, ते बघून. फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची हवी असेल तर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक लिहिलेली असते, तीच उतरवा. मोबाइलची घेऊ नका, पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो.

आणि फलक रेल्वेच्या हद्दीत लावायचा असेल तर परवानगी लागते. ग्रामपंचायतीच्या जागेत, स्टेशनच्या रस्त्याला लावा, भानगड नाही.

---

सीनाकाठ

आभार सगळ्यांचे. पाटीवर गावाच्या नावाचं देवनागरी लेखनही चुकलंय, ते याच अर्जात मागू का?

---

जेऊर_अप

नाही. रंगाऱ्याने चुकवलेलं असेल, म्हणजे रेल्वेच्या यादीत बरोबर आणि पाटीवर चूक, तर मास्तरांना पत्र द्या, रंगकामात दुरुस्त होतं. यादीतच चूक असेल तर तो नावबदल धरतात. राज्य सरकारचा प्रस्ताव, केंद्रीय गृह खात्याची ना हरकत, मग अधिसूचना, असं लांबतं. आधी तिकिटावर काय छापून येतं ते बघा.